एका क्लिकचे बेचाळीस रुपये

रंगीत फिल्मचा एक रोल साधारण हजार रुपयांना पडतो. तो धुऊन, स्कॅन करून घ्यायला पाचशे. आत फोटो छत्तीस. दीड हजाराला छत्तीसनं भागलं की येतात एकेचाळीस रुपये सदुसष्ट पैसे. आपण बेचाळीस धरू.

फिल्म कॅमेरा घ्यायचाय म्हणून कोणी सल्ला विचारला, की मी आधी हा भागाकार मांडते. विचारणाऱ्याला तो नको असतो. त्याला हवा असतो बॉडीचा भाव: निकॉन एफएम-२ केवढ्याला मिळेल, जपानहून मागवला तर परवडेल का? पण बॉडीचे पैसे एकदाच जातात. हे बेचाळीस रुपये दर वेळी बोट दाबलं की जातात, आणि कॅमेरा कपाटात जाऊन पडतो तो बहुधा त्यांच्यामुळेच.

गेली तीस-पस्तीस वर्षं मी हौसेनं फोटो काढतेय. राहते रत्नागिरीत, त्यामुळे लेन्सच्या बुरशीशी कायमचा शेजार. या काळात चुकीच्या गोष्टींवर बरेच पैसे घालून जे शिकले ते थोडक्यात असं: बॉडी साधी पण ठणठणीत घ्या, तिच्यापेक्षा लेन्स जास्त पारखून घ्या आणि हातातल्या रकमेतला निम्मा वाटा रोलसाठी बाजूला काढा. पुढचे भाव सेकंडहँड बाजारातले, ढोबळ अंदाजाचे आहेत. कंडिशन आणि शहर बदललं की आकडा बदलतो, तेव्हा घेण्याआधी दोन-तीन ठिकाणी विचाराच.

आधी माळा, मग बाजार

सगळ्यात स्वस्त कॅमेरा घरातच असू शकतो. वडिलांचा, मामाचा, माळ्यावरच्या ट्रंकेत. फक्त तो कुठला रोल खातो ते बघा. बडोद्याला बनलेला आगफा क्लिक-३ अनेक घरांत सापडतो. त्याला १२० चा रुंद रोल लागतो आणि त्यावर चौकोनी बाराच फोटो येतात. रोल आणि धुणं मिळून दीड हजार धरले तर एका फोटोला सव्वाशे रुपये. आठवण म्हणून एखादा रोल जरूर घाला, पण रोजच्या सरावाला ३५ मिलीमीटरचाच कॅमेरा परवडतो.

पाच हजारांपर्यंत: इथे बहुतेक जण सोव्हिएत झेनिटकडे वळतात. दोन ते पाच हजारांत झेनिट-ई आणि त्यावर ५८ मिलीमीटरची हेलिओस लेन्स मिळते. लेन्स खरंच गुणी आहे. पण बॉडीचा मीटर सेलेनियमचा. त्याला सेल लागत नाही, मात्र वयानं तो झोपलेला असतो. शटरचे वेग १/३० ते १/५०० एवढेच. त्यात ४०० स्पीडचा रोल घातला तर आपल्या एप्रिल-मेच्या उन्हात एफ/१६ वरच अडकून पडाल. झेनिट घेणारच असाल तर १०० किंवा २०० चा रोल वापरा.

जवळपास याच पैशांत माझी पसंती वेगळ्या कॅमेऱ्यांना आहे, आणि त्यांच्याकडे कोणी ढुंकून बघत नाही. कॅनन ईओएस ३००, निकॉन एफ-७५ किंवा जरा वरचा एफ-८०. फिल्मच्या शेवटच्या काळातले हे ऑटोफोकस एसएलआर. प्लास्टिकचे आहेत, दिसायला रुबाब नाही, म्हणून तीन ते सात हजारांत मिळतात. मीटर अचूक, रोल आपोआप पुढे सरकतो. घरी कॅननचा डीएसएलआर आणि त्याची ५० मिलीमीटरची ईएफ लेन्स असेल तर तीच लेन्स ईओएस ३०० वर बसते. नवी लेन्स घ्यायची गरजच नाही. फक्त ईएफ-एस लेन्स चालत नाहीत. ईओएस ३०० आणि एफ-७५ ला सीआर-२ चे दोन सेल लागतात. ते कोपऱ्यावरच्या दुकानात मिळत नाहीत, एक जादा जोडी आणून ठेवा.

आठ ते पंधरा हजार: हाताने सगळं करायची हौस असेल तर हा खरा गट. पेंटॅक्स के-१००० हा १९७६ पासून १९९७ पर्यंत बनत राहिलेला शिकाऊंचा कॅमेरा. पूर्ण यांत्रिक, सेल फक्त मीटरच्या सुईला. त्याला मीटरचं बटण नाही, म्हणून काम झालं की लेन्सला झाकण लावायचं, नाहीतर सेल उतरतो. याशिका एफएक्स-३ सुपर २००० हलका आणि तसाच यांत्रिक. त्याचं वरचं रेक्झिन सुकून पापुद्रे निघतात, पण आतल्या यंत्राशी त्याचा संबंध नाही; त्या पापुद्र्यांकडे बोट दाखवून भाव मात्र पाडून घ्या. निकॉन एफएम-१० हा निकॉनसाठी कोसिना कंपनीनं बनवलेला. लोक त्याला प्लास्टिकचा म्हणून नाकं मुरडतात. मुरडू द्या.

वीस हजारांच्या वर: इथे एफएम-२ राहतो. १९८२ सालचा, १/४००० पर्यंत शटर, सेलाशिवाय चालणारा, दणकट. चांगल्या लेन्ससकट तीस हजारांपर्यंत जातो. चीज उत्तमच आहे. पण २०० स्पीडचा रोल भर उन्हात एफ/५.६ वर वापरला तरी १/१६०० च्या आसपास वेग लागतो, आणि एफएम-१० चं शटर १/२००० पर्यंत जातं. म्हणजे लेन्स पूर्ण उघडी ठेवून उन्हात फोटो काढायचा हट्ट नसेल तर वरचा टप्पा बिनवापराचाच राहतो. शिवाय दोन्हींवर लेन्स तीच बसते. निगेटिव्ह बघून बॉडी कुठली होती ते मला आजवर सांगता आलेलं नाही.

नवा कोरा हवा असेल तर पर्याय मोजके. कोडॅक एक्टार एच-३५ हा प्लास्टिकचा हाफ-फ्रेम कॅमेरा, एकच शटर वेग, ठरलेलं अॅपर्चर. २०२४ मध्ये आलेला पेंटॅक्स-१७ हाही हाफ-फ्रेम, पण काचेची लेन्स आणि मीटरसकट. किंमत त्याच्या कितीतरी पट. हाफ-फ्रेम म्हणजे छत्तीसच्या रोलवर बहात्तर फोटो. आपला भागाकार एकवीस रुपयांवर येतो. बदल्यात निगेटिव्ह निम्म्या आकाराची, त्यामुळे मोठं प्रिंट काढलं की दाणा जाड दिसतो.

काउंटरवरची दहा मिनिटं

मुंबईत फोर्टातला बोरा बाजार हा कॅमेऱ्यांचा आणि त्यांच्या दुरुस्तीचा जुना पत्ता. पुण्यात बुधवारी आणि रविवारी भरणाऱ्या जुन्या बाजारात नशिबानं काही हाती लागतं. कुठेही जा, खिशात तीन गोष्टी असू द्या: मोबाईलची बॅटरी, एलआर-४४ चे दोन सेल आणि वाया गेलेला एक रोल.

एक, मागचं दार उघडा. दाराच्या खाचेत काळ्या स्पंजची पट्टी असते. नखानं हळूच दाबून बघा. डांबरासारखी चिकटली किंवा भुगा झाली तर ती गेली.

हा धडा मी पैसे मोजून घेतलाय. एका दुकानातून 'एकदम टेस्टेड' म्हणून कॅमेरा आणला आणि लागोपाठ दोन रोल घातले. प्रत्येक फोटोत त्याच जागी तांबूस पट्टा. मी लेन्सला दोष दिला, रोलला दिला, धुणाऱ्याला दिला. शेवटी बोरा बाजारातल्या एका मेकॅनिकसमोर निगेटिव्ह धरल्या. त्यानं त्या दिव्याकडे धरून एकदाच पाहिल्या. पट्टा फोटोच्या चौकटीबाहेर, भोकांच्या कडेपर्यंत गेला होता. "मॅडम, लेन्समधून आलेला उजेड चौकटीच्या बाहेर जात नाही," तो म्हणाला, "हा दारातून आलाय. बॉडी चांगली आहे. स्पंज मेलाय." स्पंज बदलायला चारशे रुपये लागले. तो मेलाय हे कळायला तीन हजार.

दोन, शटर. वेग एक सेकंदावर ठेवून दाबा आणि मनात 'एकशे एक' म्हणा. जुन्या कॅमेऱ्यात तेल घट्ट झालेलं असलं की हाच वेग आधी रेंगाळतो. मग मागचं दार उघडं ठेवून, उजेडाकडे धरून सगळ्यात वरचा वेग चार-पाच वेळा मारा. दर वेळी पूर्ण चौकोन चमकला पाहिजे. एक बाजू काळी राहिली तर शटर अडकतंय.

तीन, तो वाया गेलेला रोल घालून ओढा. लिव्हर फिरवताना डावीकडची रिवाइंडची कळ उलटी फिरायला हवी. फिरली नाही तर रोल पुढे सरकत नाहीये. ही सवय घरी आल्यावरही सोडू नका.

चार, मीटर. फोनमधल्या लाइट मीटर अॅपशी ताडून बघा. एकदा रस्त्याच्या उजेडात, एकदा काउंटरखालच्या अंधारात. दोन्हीकडे सारखाच फरक पडत असेल तर निभावता येतं. एकीकडे बरोबर, दुसरीकडे भलतंच, तर नाही. साठ-सत्तरच्या दशकांतले काही कॅमेरे १.३५ व्होल्टच्या पाऱ्याच्या सेलवर चालायचे. ते सेल आता बनत नाहीत, आणि १.५ चा घातला की मीटर चुकीचं सांगतो.

पाच, सेलचं झाकण. आत हिरवट-पांढरी पूड दिसली तर सेल गळलाय. थोडी असेल तर पुसली जाते. वायरपर्यंत पोचली असेल तर हात जोडा.

दोन खास खुणा. याशिका इलेक्ट्रो-३५ घेत असाल तर लिव्हर ओढताना आतून 'टक्' असा आवाज यायला हवा. नाही आला तर आतली छोटी रबरी गादी विरघळली आहे आणि एक्स्पोजरचा भरवसा नाही. कॅनन एई-१ चं शटर दाबताना खोकल्यासारखी चिरकी कुरकुर ऐकू आली तर आतल्या गिअरला तेल हवंय. दुरुस्त होतं, पण त्याचे हजार-दीड हजार भावातून कापून घ्या.

आणि 'अनटेस्टेड' हा शब्द. सेल घालून बघायला दोन मिनिटं लागतात. ज्यानं तेवढीही तसदी घेतली नाही किंवा घेऊनही सांगितलं नाही, त्याच्याकडून कॅमेरा बंद आहे असं धरूनच भाव करा. परदेशातून मागवताना कस्टम ड्युटी, कुरिअर आणि हाताळणीचा खर्च धरून बेरीज करा. वस्तू परत करायची वेळ आली तर हा खर्च बहुधा बुडालेलाच असतो.

लेन्स: इथे हात आखडू नका

पहिली लेन्स एकच, ५० मिलीमीटर एफ/१.८ किंवा त्याच्या जवळची. निकॉनची चार ते आठ हजारांत, पेंटॅक्सची तीन ते सहा हजारांत मिळते. संध्याकाळच्या उजेडात घरातला माणूस टिपता येतो आणि झूमपेक्षा काच कमी असल्यानं बिघडायलाही कमी. दुसरी लेन्स वर्षभरानंतर. निगेटिव्हचं पाकीट काढा आणि बघा, कितीदा मागे सरायला जागा नव्हती आणि कितीदा पुढे जाता आलं नाही. जागा नव्हती तर २८ किंवा ३५. पुढे जाता आलं नाही तर १०५ किंवा १३५.

लेन्स बघायची ती आरपार. अॅपर्चर पूर्ण उघडा, मागून मोबाईलची बॅटरी तिरकी मारा आणि पुढून बघा. धुळीचे चार कण दिसतीलच. ते फोटोत येत नाहीत. पण कडेकडून आत येणारी, कोळ्याच्या जाळ्यासारखी बारीक नक्षी दिसली तर ती बुरशी. वरवरची असेल तर उघडून पुसायला आठशे ते अडीच हजार रुपये पडतात. काचेवरचा लेप खाल्ला असेल तर पुसल्यावरही तिचा ठसा राहतो. दुकानदार म्हणेल, "फोटोत दिसत नाही." समोर सूर्य किंवा दिवा आला की दिसतं: सगळा फोटो दुधट होतो. नंतर अॅपर्चरची पाती बघा. ती कोरडी हवीत आणि झटकन मिटायला हवीत. तेलकट पाती उशिरा मिटतात, फोटो जास्त उजळतो.

निकॉनवाल्यांसाठी एक सावधगिरी. १९७७ च्या आधीच्या, न बदललेल्या लेन्स एफएम-२ किंवा एफएम-१० वर जबरदस्तीनं बसवू नका, माउंटचं नुकसान होतं. उलट टोकाला, 'जी' प्रकारच्या नव्या लेन्सला अॅपर्चरची रिंगच नसते, म्हणून या यांत्रिक बॉडींवर त्या निरुपयोगी. ५० मिलीमीटरची 'एएफ-डी' दोन्हीकडे चालते. उद्या एफ-८० घेतलात तरी तीच पुरते.

रोल आणि धुलाई

उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सचा 'इंदू' रोल ज्यांनी वापरलाय त्यांना देशी भाव आठवत असेल. तो कारखाना बंद पडला. आता दुकानातला रोल बाहेरून येतो, म्हणून डॉलर हलला की भाव हलतो. कोडॅक गोल्ड २०० सारखा रोजचा रंगीत रोल ८०० ते १,३०० रुपये. पोर्ट्रा ४०० सारखा व्यावसायिक रोल त्याच्या दीडपट-दुप्पट. इलफर्ड एचपी-५ सारखा कृष्णधवल ८०० ते १,१०० च्या घरात. शिकताना व्यावसायिक रोलचा मोह नको. मुदत संपलेला रोलही नको. दोनशे वाचवताना धुण्याचे पाचशे पाण्यात जातात.

सिनेमाच्या फिल्ममधून भरलेले रोल स्वस्त मिळतात. त्यांतल्या बऱ्याच फिल्मच्या पाठीवर रेमजेटचा काळा थर असतो. तो नेहमीच्या सी-४१ यंत्रात सुटून रसायन खराब करतो, म्हणून अनेक लॅब असा रोल घेत नाहीत. आधी लॅबला विचारा, मग विकत घ्या.

लॅबला आणखी तीन प्रश्न. निगेटिव्ह परत मिळतील का? स्पष्ट सांगितलं नाही तर काही ठिकाणी त्या टाकून देतात. स्कॅन किती पिक्सेलचा? ३०० डीपीआयच्या हिशोबानं चार बाय सहाच्या प्रिंटला १,२०० बाय १,८०० पुरतात; बारा बाय अठराला ३,६०० बाय ५,४०० लागतात. मग सगळा रोल मोठ्या स्कॅनमध्ये कशाला? साधा स्कॅन घ्या आणि निवडक दोन फोटो नंतर मोठे करून घ्या. तिसरा प्रश्न, रोल कधी धुणार? लहान शहरांत पुरेसे रोल जमेपर्यंत थांबतात. माझ्यासारख्या गावाकडच्यांनी तीन-चार रोल साठवून एकाच कुरिअरनं मोठ्या शहरात पाठवावेत.

कृष्णधवल घरी धुता येतं. टाकी, चेंजिंग बॅग, बाटल्या, मोजपात्रं आणि थर्मामीटर मिळून आठ हजार धरा. रसायन रोलमागे शंभर. स्कॅन स्वतःच्या डिजिटल कॅमेऱ्यानं केला तर रोलमागे चारशे वाचतात. वीस रोलांत पैसे वसूल. अट एकच, डेव्हलपर २० अंशांवर लागतो आणि आपल्या नळाचं पाणी मे महिन्यात तिशीच्या वर असतं. परातीत बर्फ घालून बाटल्या त्यात उभ्या करायच्या. आमच्या घरी त्या दिवशी कोकम सरबताला बर्फ मिळत नाही.

पावसाळ्याचा खर्च आधीच धरा

चामड्याची केस दिसते देखणी, पण ती ओल धरते आणि बुरशी पोसते. कॅमेरा तिच्यात ठेवू नका. रबरी कडेचा हवाबंद डबा, सिलिका जेल आणि आर्द्रता दाखवणारा छोटा काटा मिळून हजारात काम होतं. काटा ४० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान हवा. जेलचा रंग पालटला की जुन्या कढईत मंद आचेवर परतून पुन्हा वापरता येतं; ती कढई मात्र परत स्वयंपाकात आणायची नाही. सहा-सात हजारांचं ड्राय कॅबिनेट तीन-चार लेन्स झाल्यावर घ्या. फ्रिजमधला रोल बाहेर काढून तास-दीड तास डबीतच राहू द्या, नाहीतर त्यावर दव धरतं.

पहिल्या वर्षाचा हिशोब

महिन्याला एक रोल धरून:

एफएम-१० सारखी बॉडी आणि ५० ची लेन्स: १२,००० रुपये
सर्व्हिसिंग आणि स्पंज: २,५०० रुपये
डबा, जेल, काटा: १,००० रुपये
सेल, पट्टा, ब्लोअर: ५०० रुपये
बारा रोल: १२,००० रुपये
धुणं आणि स्कॅन: ६,००० रुपये
कुरिअर: ५०० रुपये
एकूण: ३४,५०० रुपये

कॅमेरा आणि लेन्स मिळून यातला जेमतेम तिसरा हिस्सा. बारा हजारांच्या जागी तीस हजारांचा एफएम-२ घेतला तर अठरा हजार जादा जातात. बारा रोल, धुण्यासकट, अगदी तेवढ्यालाच येतात. दुकानात भाव करताना मी हा फरक डोळ्यांपुढे ठेवते: एका बाजूला १/४००० चं शटर, दुसऱ्या बाजूला वर्षभराचे चारशे बत्तीस फोटो.

म्हणून शेवटचा सल्ला बिनखर्चाचा. कॅमेरा घेण्याआधी कोणाचा तरी आठवडाभर उसना मागा. रोल स्वतःचा घाला, स्वतःच्या पैशांनी धुऊन आणा. मग छत्तीस फोटो टेबलावर मांडा आणि प्रत्येकापुढे विचारा: याला मी पुन्हा बेचाळीस रुपये देईन का? सात-आठ जागी मनापासून 'हो' आलं तर बोरा बाजाराची वाट धरा. एकाही जागी आलं नाही, तर दीड हजारात बारा हजार वाचले म्हणायचे, आणि कॅमेरा साभार परत करायचा. देताना त्याच्या दारातला स्पंज तेवढा नखानं दाबून बघा. मालकाला ठाऊक नसण्याचीच शक्यता जास्त.